धांवांचा हिशेब आणि वेळेचा हिशेब

आपल्या भाषेंत चरित्रवाङ्मयाची वाण नाहीं. महीपतीनें संतांचीं चरित्रें गाइलीं, वीरांच्या बखरी झाल्या, आणि वाघिणीचें दूध प्यालेल्या पहिल्या दोनतीन पिढ्यांनीं देशभक्त, सुधारक, पंडित, नट व गवई यांचीं चरित्रें मोठ्या हौसेनें लिहून काढलीं. या भरल्या पंगतींत एका वर्गाला मात्र अजून नीटसा पाट मिळालेला नाहीं. तो वर्ग खेळाडूंचा. ज्या समाजांत घरोघरचीं मुलें अक्षरओळख होण्याआधीं हातांत फळी धरतात, त्या समाजाच्या वाङ्मयांत खेळाडूचें आयुष्य गंभीरपणें वाचण्याजोगें मानलें जाऊं नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

खेळाडूंविषयीं कोणी लिहीत नाहीं असें नव्हे. लिहितात, आणि पुष्कळ लिहितात. परंतु तें लेखन बहुधा दोन साच्यांतून बाहेर पडतें. पहिला साचा धांवफलकाचा. अमक्या सालीं अमक्या संघाविरुद्ध इतक्या धांवा, तमक्या सालीं तितके बळी, अशी जंत्री मांडली कीं लेखकास आपलें काम संपलेंसें वाटतें. पंचांगांत तिथि, वार, नक्षत्र सर्व असतें. त्या दिवशीं घरांत काय शिजलें हें मात्र नसतें. त्यांतलाच हा प्रकार. दुसरा साचा स्तोत्राचा. त्यांत नायक जन्मतःच तेजस्वी असतो. गरिबी त्याच्या वाटेंत येते ती केवळ त्यानें तिच्यावर मात करावी म्हणून. आणि शेवटीं सर्व जग त्याला टाळ्या वाजवितें. असलीं चरित्रें मुलांच्या हातीं देण्यास बरीं असतील. त्यांतून एखाद्या माणसाची किंवा त्याच्या काळाची ओळख होईल अशी अपेक्षा मात्र कोणी धरूं नये.

टीकाकारानें अशा चरित्रास विचारावयाचा पहिला प्रश्न माझ्या मतें असा आहे: या माणसास खेळावयास वेळ कोणी दिला, आणि त्या वेळेचें मोल कोणी चुकविलें? कवि रात्रीं जागून कविता लिहूं शकतो. नाटककार नोकरी सांभाळून नाटक लिहूं शकतो. खेळाचें तसें नाहीं. क्रिकेटचा मोठा सामना भर दिवसा चालतो, तो तीन तीन, चार चार दिवस चालतो, आणि त्यासाठीं लागणारा सराव त्याहून कितीतरी पट वेळ खातो. शिवाय हा वेळ ऐन तारुण्यांतला, म्हणजे पोट भरण्याची विद्या शिकण्याच्या वयांतला असतो. खेळाडूचें आयुष्य हें अशा रीतीनें मुळांतच वेळेच्या देवघेवीचें आयुष्य आहे. आणि ती देवघेव ज्या चरित्रांत उघडी होत नाहीं, त्यांत धांवा कितीही असल्या तरी तें अपुरेंच म्हटलें पाहिजे.

ही कसोटी लावून पाहण्यास प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर यांच्या आयुष्यासारखें दुसरें उदाहरण मराठी मुलखांत सांपडणें कठीण. देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजीं पुण्यास झाला. त्याच वर्षीं मुंबई इलाख्यांत युरोपियन व पारशी यांचे ते सामने सुरू झाले, ज्यांपासून हिंदुस्थानांतील प्रथम श्रेणीच्या क्रिकेटचा आरंभ धरण्यांत येतो. हा माणूस आणि आपल्याकडील हा खेळ असे जणूं एकाच पाळण्यांतले. ते वारले २४ ऑगस्ट १९९३ रोजीं, वयाचीं एकशेंएक वर्षें पूर्ण करून. मधल्या काळांत राज्य बदललें, जातवार संघांचे सामने आले आणि गेले, प्रांतवार सामने आले, एका दिवसांत संपणारें क्रिकेट आलें. आणि हें सर्व त्यांनीं पाहिलें. १९७३-७४ पासून विभागीय संघांच्या एकदिवसीय स्पर्धेला त्यांचेंच नांव देण्यांत आलें. पांचपांच दिवस पाय रोवून उभें राहण्याच्या काळांतील माणसाचें नांव झटपट क्रिकेटच्या चषकाला लागावें, यांत एक गोड विसंगति आहे.

पेशानें देवधर संस्कृतचे प्राध्यापक. पुण्याच्या सर परशुरामभाऊ कॉलेजांत ते शिकवीत. खेळाडू म्हणून त्यांची कीर्ति दूरवर गेली ती १९२६ सालच्या डिसेंबरांत. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखालीं एम्. सी. सी. चा संघ हिंदुस्थानांत आला होता. मुंबईच्या जिमखान्यावर सी. के. नायडू यांनीं हिंदूंच्या संघाकडून १५३ धांवांचा तो तडाखेबंद डाव खेळून दाखविला, आणि लागलीच त्याच मैदानावर अखिल हिंदुस्थानच्या संघाकडून देवधरांनीं १४८ धांवा काढल्या. एतद्देशीय खेळाडू पाहुण्या इंग्लिश संघाशीं बरोबरीनें लढूं शकतात हें या डावांनीं लोकांच्या मनावर ठसविलें. पुढें १९३२ सालीं लॉर्ड्‌सवर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला, तेव्हां देवधर चाळीस वर्षांचे होते. त्या संघांत ते नव्हते. आणि पुढेंही एकही अधिकृत कसोटी सामना त्यांच्या वांट्यास आला नाहीं.

दुसरा कोणी असता तर येथें त्याची गोष्ट संपली असती. देवधरांची गोष्ट येथूनच रंगूं लागते. रणजी करंडकाचे सामने १९३४-३५ सालीं सुरू झाले. देवधरांच्या नायकत्वाखालीं महाराष्ट्रानें हा करंडक १९३९-४० मध्यें जिंकला आणि १९४०-४१ मध्यें पुन्हां जिंकला. दुसऱ्या वर्षीं पुण्यास मुंबईविरुद्ध खेळतांना त्यांनीं २४६ धांवा केल्या, तेव्हां त्यांचें वय अठ्ठेचाळीस होतें. १९४४ सालीं, पन्नाशी उलटल्यावर, नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनीं शतकें काढलीं. स्तोत्रकार येथें हात जोडतो आणि जंत्रीकार आकडा लिहून मोकळा होतो.

पण त्या मुंबईविरुद्धच्या सामन्याचा धांवफलक जरा निराळ्या दृष्टीनें वाचून पाहावा. महाराष्ट्राच्या ६७५ धांवा. त्यावर मुंबईच्या ६५०. दोन डाव मिळून १३२५. हा आकडा पराक्रमाचा आहे, यांत शंका नाहीं. पण तो फुरसतीचाही आकडा आहे. बाहेर महायुद्ध पेटलेलें असतां बावीस जाणतीं माणसें दिवसच्या दिवस मैदानावर राहूं शकत होतीं. कोणी तरी त्यांना कामावरून मोकळें केलें होतें, कोणाच्या तरी घरचा खर्च तेवढे दिवस दुसऱ्या कशावर तरी चालला होता. धांवफलकाच्या कोणत्याच रकान्यांत ही बाब येत नाहीं. ती शोधावी लागते.

देवधरांच्या बाबतींत तिचें उत्तर सरळ आहे, आणि तें उत्तर म्हणजे कॉलेज. मी स्वतः तीच नोकरी करीत आल्यामुळें तिचें मर्म जाणतों. प्राध्यापकाचें काम घड्याळाला बांधलेलें असलें तरी तें गिरणींतल्या पाळीसारखें नसतें. रोजच्या तासिका मोजक्या, सुट्या लांब, आणि मुख्य म्हणजे वय वाढलें म्हणून मान कमी होत नाहीं. ज्याला पन्नाशीपर्यंत खेळावयाचें आहे त्याला शरीराइतकाच असा पेशा लागतो. संघांतून वगळलें तर उद्यां खाणार काय, ही चिंता ज्याच्या मानगुटीवर बसलेली नाहीं, तोच चेंडूकडे शांतपणें पाहूं शकतो. देवधरांच्या फलंदाजींतील दीर्घ धीराचें कौतुक सर्वांनीं केलें आहे. त्या धीराच्या मुळाशीं महिन्याच्या महिन्यास येणारें वेतन होतें, असें म्हटल्यानें त्याचें मोल उणें होत नाहीं. उलट तो धीर समजतो.

आणि त्यांनीं तो वेळ घेतला तसा फेडलाही. महाराष्ट्राच्या संघाला त्यांनीं घडविलें. सांगलीच्या विजय हजारे यांनीं १९३९-४० च्या हंगामांत बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धांवा केल्या त्या याच संघाकडून. पुढें निवड समितीवर, महाराष्ट्राच्या क्रिकेट-संघटनेंत आणि अखिल भारतीय नियामक मंडळांत त्यांनीं काम केलें. क्रिकेटवर पुस्तकें लिहिलीं, इंग्रजींत आत्मचरित्रही लिहिलें. आपल्या वाचकांतील आयाबहिणींना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे त्यांच्या तारा, सुंदर व सुमन या मुली बॅडमिंटनमध्यें नांवाजल्या. मुलींनीं मैदानावर उतरण्यास घरोघर नाकें मुरडलीं जात त्या काळीं एका संस्कृतच्या प्राध्यापकाच्या घरांत रॅकेटी होत्या. बापाला मिळालेला वेळ बापापाशींच थांबला नाहीं, तो मुलींपर्यंत पोंचला. माझ्या दृष्टीनें देवधरांच्या चरित्रांतील ही ओळ २४६ धांवांच्या बरोबरीची आहे.

कॉलेज आणि खेळ यांचा हा संबंध केवळ आपल्याकडचाच नव्हे. देवधरांच्या जन्माच्या वर्षींच, म्हणजे १८९२ सालीं, अमेरिकेंत शिकागो येथील नव्या विद्यापीठांत एमॉस अलोंझो स्टॅग हा तरुण रुजू झाला. त्याचा खेळ अमेरिकन फुटबॉल. नांव फुटबॉल असलें तरी त्यांत अंडाकृति चेंडू हातीं धरून धांवतात, आणि तो खेळ तिकडे वाढला तोच मुळीं कॉलेजांच्या अंगणांत. स्टॅग येल विद्यापीठांत धर्मोपदेशक होण्याच्या इराद्यानें गेलेला. तेथें तो बेसबॉलचा नामांकित खेळाडू झाला, पण पैसे घेऊन खेळण्याचीं बोलावणीं त्यानें नाकारलीं. येल येथें त्याला हिब्रू भाषा शिकविणारे विल्यम रेनी हार्पर हे शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले, आणि त्यांनीं आपल्या या शिष्यास व्यायामविभागाचा प्रमुख म्हणून प्राध्यापकवर्गांत घेतलें. एकीकडे हिब्रूचा पंडित खेळाडूस कॉलेजांत आणतो, दुसरीकडे संस्कृतचा पंडित स्वतःच खेळाडू असतो. स्टॅगनें शिकागोस एकेचाळीस हंगाम संघ शिकविला. १९३२ च्या हंगामानंतर, सत्तरी गांठल्यामुळें, त्यास तेथून निवृत्त व्हावें लागलें. तेव्हां तो कॅलिफोर्नियांतील दुसऱ्या एका कॉलेजांत गेला आणि १९४६ पर्यंत तेंच काम करीत राहिला. १९६५ सालीं, वयाच्या एकशेंदोनाव्या वर्षानंतर, तो वारला.

दोघेही शतायुषी, दोघेही प्राध्यापक, दोघेही हौशी खेळाच्या बाण्याचे. परंतु एक भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. देवधरांचें कॉलेज त्यांना संस्कृतसाठीं वेतन देत होतें आणि खेळ हा त्या वेतनाच्या सांवलींत वाढला. स्टॅगला वेतन खेळासाठींच मिळालें. खेळ शिकविणें हेंच त्याचें अध्यापन ठरलें. खेळ हा शिक्षणाचा भाग आहे असें अमेरिकन कॉलेजांनीं उघड मान्य केलें, आणि मग त्या मान्यतेचे परिणामही भोगले. हजारों प्रेक्षक बसतील अशीं क्रीडांगणें उठलीं, तिकिटांचा पैसा आला, संघाचा जय हीच विद्यापीठाची अब्रू होऊन बसली. अखेर १९३९ सालीं स्टॅगच्याच शिकागो विद्यापीठानें, अध्यक्ष हचिन्स यांच्या कारकीर्दींत, हा खेळ बंद केला. स्टॅगच्या नांवाचें तें क्रीडांगण ओस पडलें, आणि त्याच्या सज्जाखालीं २ डिसेंबर १९४२ रोजीं शास्त्रज्ञांनीं अणूच्या विघटनाची पहिली नियंत्रित सांखळी घडवून आणली. खेळ इतरत्र मात्र फोफावतच गेला. त्यांत प्रशिक्षकांस लठ्ठ पगार मिळत, विद्यापीठांस उत्पन्न मिळे. खेळणाऱ्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्तीपलीकडे फारसें कांहीं घेण्याची बंदी होती. आपल्या नांवावर व प्रतिमेवर पैसा मिळविण्याची मुभा त्याला मिळाली ती २०२१ सालीं. हौशी बाण्याचा सोंवळेपणा पाळावयाचा तो खेळणाऱ्यानेंच, आणि नैवेद्य खावयाचा इतरांनीं, असा हा प्रकार शंभर वर्षें चालला होता.

तेव्हां 'हौशी' हा शब्द ऐकून भारावून जाण्याआधीं चरित्रकारानें जरा थबकावें. हौस परवडते कोणाला, हें पाहण्यास पुण्याबाहेर जाण्याचीही गरज नाहीं. देवधर पाळण्यांत होते त्या दशकांत याच पुण्यांत पूना क्लबाच्या मैदानावर एक तरुण हिरवळ झाडीत असे, जाळ्या लावीत असे आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकीत असे. त्याचें नांव पालवणकर बाळू. चर्मकार समाजांतला मुलगा. पगार महिना चार रुपये. कॅप्टन ग्रेग हे नाणावलेले फलंदाज सर्वांच्या आधीं मैदानावर येऊन त्याच्या गोलंदाजीवर सराव करीत. ग्रेग यांना बाद केलें कीं बाळूस आठ आणे मिळत, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, वेळेच्या बाजारांत बाळूचें स्थान कोणतें होतें हें ती चांगलें सांगते. देवधरांना खेळावयास वेळ मिळाला. बाळूचा वेळ विकत घेतला गेला, आणि त्या विकलेल्या वेळांतून त्यानें आपली डावखुरी फिरकी घडविली. साहेबांनीं त्याला फलंदाजी करावयास कधीं बोलाविलें नाहीं. गोलंदाजी म्हणजे श्रम आणि फलंदाजी म्हणजे मौज, अशी त्यांची वांटणी होती.

हिंदूंचा संघ उभा राहिला तेव्हां बाळूस घ्यावें कीं घेऊं नये यावर वाद माजला. घेतलें, कारण त्याच्यावांचून सामना जिंकणें अवघड होतें. मैदानावर तो चेंडू सर्वांच्या हातून फिरे, पण चहाच्या वेळीं बाळूचा चहा मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यांत येई. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नायकत्वाखालीं अखिल हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला. संघाचे बहुतेक सामने हरले. बाळूनें त्या दौऱ्यांत ११४ बळी घेतले. तरीही हिंदूंच्या संघाचें नायकत्व त्याला कधीं मिळालें नाहीं. तें मिळालें १९२३ सालीं त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, आणि तेंही बऱ्याच ओढाताणीनंतर. बाळूचें आयुष्य मैदानाबाहेरही गुंतागुंतीचें होतें. १९३२ च्या पुणें-कराराच्या वाटाघाटींत तो होता, आणि १९३७ च्या निवडणुकींत ज्या आंबेडकरांनीं तरुणपणीं त्याचा गौरव केला होता त्यांच्याच विरुद्ध तो उभा राहिला व हरला. असें आयुष्य स्तोत्रांत मावत नाहीं, जंत्रींत तर नाहींच नाहीं.

विठ्ठलनें १९४८ सालीं 'माझें क्रीडा-जीवन' या नांवानें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. या भावांची हकीकत इंग्रजी वाचणाऱ्या जगापर्यंत पोंचविण्याचें काम मात्र रामचंद्र गुहा यांच्या २००२ सालच्या ग्रंथानें केलें. आपल्याच अंगणांतली गोष्ट आपल्याला परभाषेंतून कळावी, याचा दोष मीं कोणा एकावर ठेवीत नाहीं. पण मराठी टीकेनें खेळाडूंच्या चरित्रांकडे वाङ्मय म्हणून पाहिलें असतें, तर विठ्ठलचें पुस्तक आपल्या पाठ्यक्रमांत केव्हांच आलें असतें. आमच्या वर्गांत आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवितांना तें उदाहरण म्हणून घ्यावें असें मलाही कधीं सुचलें नव्हतें.

खेळाविषयींचें लेखन कोणत्या उंचीवर जाऊं शकतें याचा दाखला हवा असेल तर सी. एल्. आर. जेम्स यांचें १९६३ सालचें 'बियाँड अ बाउंडरी' पाहावें. जेम्स हे वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावरचे. तेथें क्रिकेटचे क्लब कातडीच्या छटेप्रमाणें वांटलेले होते. गोऱ्यांचा निराळा, उजळ वर्णाच्या मध्यमवर्गीयांचा निराळा, काळ्या कनिष्ठ मध्यमवर्गाचा निराळा. तरुण जेम्सपुढें दोन वाटा होत्या, आणि त्यानें उजळ मध्यमवर्गाचा क्लब पत्करला. चाळीस वर्षांनंतर पुस्तकांत तो ही गोष्ट लपवीत नाहीं. त्या निवडीनें आपण ज्यांच्यांत असावयास हवें होतें त्यांच्यापासून दूर गेलों, आणि आपली राजकीय समज कित्येक वर्षें मागें पडली, असें तो स्पष्ट म्हणतो. त्या पुस्तकाचें वाङ्मयीन बळ मला या कबुलींत दिसतें. खेळाचें वर्णन तर अनेकांना साधतें. आपण मैदानाच्या कोणत्या दारानें आंत आलों, आणि त्या दारानें आणखी कोणाला येतां आलें नाहीं, हें सांगणारा लेखक विरळा.

दुसऱ्यांच्या चरित्रांचा हिशेब मागणाऱ्या टीकाकारानें मग स्वतःचाही थोडासा द्यावा, हें न्याय्य होय. मी भाईंदरला राहतों. मिठागरांच्या आणि भातशेतीच्या या खाडीकांठच्या गांवांचें आतां महानगर झालें आहे, आणि पहांटेच्या चर्चगेटच्या गाडीला पाठीवर आपल्याहून मोठी पिशवी घेतलेलीं मुलें चढतांना रोज दिसतात. मुंबईच्या मैदानांवर जावयाचें म्हणजे जातांना तासाहून अधिक आणि येतांना तितकाच प्रवास. कांहीं वर्षांपूर्वीं असाच एक मुलगा माझ्या वर्गांत होता. वडील भाईंदर पूर्वेस स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करण्याच्या कामावर. मुलगा डावखुरा फिरकी गोलंदाज. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत त्यानें चांगली कामगिरी केली आणि तिच्या बातमीचें कात्रण आमच्या फलकावर लागलें. वर्षअखेर त्याची हजेरी शेंकडा पंचाहत्तरांच्या पुष्कळ खालीं भरली. खेळाडूंस सवलत देणारी एक ओळ नियमांत होती. ती प्रत्यक्ष सामन्यांच्या दिवसांनाच लागू, सरावाच्या दिवसांना नव्हे, असा अर्थ मीं लावला आणि हजेरी-समितीपुढें तो आग्रहानें मांडला. नियम सर्वांस सारखा असावा, एवढीच माझी भूमिका होती, आणि त्या दिवशीं ती मला निर्दोष वाटली. मुलाचा परीक्षेचा अर्ज अडला. पुढल्या वर्षीं तो आला नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत तो मला दिसला. मीरा रोडला कृत्रिम हिरवळ घातलेलें, भोंवतीं जाळी लावलेलें, तासावर भाड्यानें मिळणारें एक मैदान आहे. रात्रीं नऊचा सुमार. कचेरींतून सुटलेलीं माणसें दिव्यांच्या झोतांत फळी फिरवीत होतीं, आणि हा त्यांना चेंडू टाकीत होता. मला पाहून तो जाळीपाशीं आला.

"सर, ओळखलंत ना?"

"ओळखलं. अजून खेळतोस?"

"खेळत नाही सर, टाकतो," तो हसून म्हणाला. "रोजचे दोन तास. पैसे बरे मिळतात. फक्त चेंडू फार वळवायचा नाही. यांना फटके मारायला आवडतं."

त्याच्या स्वरांत तक्रार नव्हती. ती असती तर मला कांहीं उत्तर देतां आलें असतें. घरीं परततांना पूना क्लबाच्या जाळींतील तो चार रुपयांचा गोलंदाज माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तेथें साहेबाला निदान चेंडू वळलेला हवा होता. बाळूची विद्या त्या नोकरींत वाढली. येथें विद्या आवरून ठेवण्याचें वेतन मिळत होतें. आणि या व्यवहारांत माझा हात होता. कॉलेज नांवाच्या ज्या व्यवस्थेनें देवधरांना आयुष्यभर वेळ पुरविला, त्याच व्यवस्थेच्या नांवानें मीं एका मुलाचा वेळ नाकारला होता. देवधरांचें चरित्र सांगतांना वर्गांत मीं कॉलेजची थोरवी गाइली असेन. तें चरित्र मीं नीट वाचलें मात्र नव्हतें.

यावर कोणी म्हणेल कीं, प्रत्येक खेळणाऱ्या मुलास हजेरी माफ केली तर अमेरिकेसारखें होईल. कॉलेजें ओस पडतील आणि क्रीडांगणें भरतील. आक्षेप वाजवी आहे. स्टॅगच्या शिकागोची कथा मीं वर सांगितली ती त्यासाठींच. परंतु त्या कथेंतील अनर्थ मुलांना वेळ दिल्यानें झाला नाहीं. मुलांच्या वेळेवर इतरांनीं पैसा केला त्यानें झाला. आमच्या फलकावरचें तें कात्रण हीही लहान प्रमाणांत तीच गोष्ट होती. मुलाच्या सरावाचें फळ कॉलेजनें फलकावर लावलें आणि त्या सरावाचे दिवस त्याच्या नांवावर गैरहजेरी म्हणून मांडले.

देवधरांचें, बाळूचें, किंवा उद्यां भाईंदरच्या एखाद्या मुलाचें चरित्र जो कोणी लिहील, त्यानें धांवफलक अवश्य पुढ्यांत ठेवावा. त्याच्या शेजारीं पगारपत्रक ठेवावें, रजेचे अर्ज ठेवावे, आगगाडीचा पास ठेवावा आणि वर्गाचा हजेरीपटही ठेवावा. देवधरांची थोरवी अशा हिशेबांत कमी होणार नाहीं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं २४६ धांवा करण्यास लागणारें काळीज कोणतेंही कॉलेज देऊं शकत नाहीं. पण असें काळीज असलेले आणखी किती जण जाळीबाहेर राहिले, हें त्याच हिशेबांतून कळेल, आणि मग खेळाडूचें चरित्र हें देवधरांच्या संस्कृत काव्यनाटकांइतक्याच गंभीरपणें वाचण्याची आपल्याला संवय लागेल.

आमच्या हजेरी-समितीची बैठक यंदांही वर्षअखेरीस भरावयाची आहे. नियमांतील ती ओळ मीं परवां पुन्हां काढून वाचली. संहितेचा अर्थ लावणें हाच माझा धंदा असल्यामुळें शब्द शब्द तपासून वाचली. तिच्यांत सराव हा शब्द नाहीं. पण सराव वगळावा, असेंही तिच्यांत कोठें लिहिलेलें नाहीं.